शिक्षकाचे वैयक्तिक शिक्षणतत्त्वज्ञान

शिक्षकाचे वैयक्तिक शिक्षणतत्त्वज्ञान म्हणजे शिक्षण कशासाठी द्यावयाचे, मूल कसे शिकते, वर्गात शिक्षकाचे स्थान कोणते आणि शाळेचे समाजाशी नाते काय, या प्रश्नांची एखाद्या शिक्षकाने अभ्यास, अनुभव व आत्मपरीक्षण यांतून शोधलेली आणि आपल्या अध्यापनात उतरविलेली उत्तरे होत. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळणारे आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद इत्यादी विचारसंप्रदाय हे सार्वत्रिक स्वरूपाचे असतात. वैयक्तिक शिक्षणतत्त्वज्ञान मात्र विशिष्ट व्यक्तीचे, विशिष्ट वर्गातील आणि विशिष्ट मुलांच्या संदर्भातील असते. भावी शिक्षकाच्या, म्हणजेच छात्राध्यापकाच्या, प्रशिक्षणकाळात या तत्त्वज्ञानाचा शोध सुरू व्हावा, अशी अपेक्षा भारतातील शिक्षक-शिक्षणाच्या अलीकडील अभ्यासक्रमांत व्यक्त झाली आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

प्रत्येक शिक्षकाच्या मनात शिक्षणाविषयी काही समजुती असतात. त्या त्याने शब्दांत मांडलेल्या असोत वा नसोत. 'गणित सर्वांना जमत नाही', 'धाकाशिवाय शिस्त नाही', 'मुलांनी आधी ऐकावे, मग बोलावे' ही विधाने तत्त्वज्ञान म्हणून उच्चारली जात नाहीत. परंतु वर्गातील असंख्य लहान निर्णय त्यांच्याच आधारे होतात. प्रश्न कोणाला विचारावयाचा, चुकलेल्या उत्तरानंतर किती वेळ थांबावयाचे, वही अपुरी असलेल्या मुलाला काय म्हणावयाचे, शेवटच्या बाकाकडे किती वेळा जावयाचे, या प्रत्येक कृतीमागे मुलाविषयीची एक धारणा असते. अशा अव्यक्त समजुती ओळखणे, त्यांची चिकित्सा करणे आणि टिकणाऱ्या समजुती जाणीवपूर्वक स्वीकारणे, या प्रक्रियेस वैयक्तिक शिक्षणतत्त्वज्ञानाचा शोध म्हणता येते.

अध्यापनपद्धती आणि शिक्षणतत्त्वज्ञान यांत भेद आहे. गटचर्चा, नाट्यीकरण, प्रकल्प, कथाकथन या पद्धती होत. त्यांपैकी कोणती, केव्हा आणि कशासाठी वापरावयाची, हे ठरविणारी दृष्टी म्हणजे तत्त्वज्ञान. एकच पद्धत दोन भिन्न दृष्टींतून वापरली जाऊ शकते. गटचर्चा मुलांना विचार करता यावा म्हणून घेतली जाते, तशी ती निरीक्षकास दाखविण्यासाठीही घेतली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शिक्षक कसा असावा या प्रश्नाची एक मूलगामी मांडणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात आढळते. प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले व प्रशिक्षित असावेत, ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळणारे असावेत आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यास त्यांना संकोच वाटू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. शिक्षकाची योग्यता त्याच्या विषयज्ञानाबरोबरच मुलांच्या जीवनाशी असलेल्या त्याच्या नात्यावर ठरते, हा विचार त्यात अंतर्भूत आहे.

वसाहतकालीन शिक्षणव्यवस्थेत मात्र शिक्षकाच्या स्वतंत्र दृष्टीस फारसा वाव नव्हता. पाठ्यक्रम, पुस्तके आणि तपासणी ही सरकारी खात्याच्या हाती होती. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी या व्यवस्थेतील शिक्षकाचे वर्णन 'दीन हुकूमशहा' या आशयाच्या संज्ञेने केले आहे. वरिष्ठांपुढे हतबल आणि वर्गातील मुलांपुढे निरंकुश, अशी ती दुहेरी अवस्था होती.

मुंबईत माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९०६ साली सरकारी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. या काळातील प्रशिक्षणावर जर्मन विचारवंत हर्बार्ट याच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीचा प्रभाव मोठा होता. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पायऱ्यांचा ठसा आजच्या पाठटाचणांवरही दिसतो. पंचपदीमुळे पाठाला आखीव रूप आले, पण 'हा पाठ याच मुलांना का शिकवावयाचा' हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला.

पाश्चात्त्य जगात शिक्षकाने स्वतःच्या श्रद्धा स्पष्ट शब्दांत मांडण्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे १८९७ साली प्रसिद्ध झालेले 'माय पेडॅगॉजिक क्रीड' हे लेखन होय. त्यात शिक्षण, शाळा, पाठ्यविषय, पद्धती आणि सामाजिक प्रगती यांविषयीची त्यांची मते श्रद्धाकथनाच्या रूपात आली आहेत. पुढे डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ मधील 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या ग्रंथाने व्यावसायिक व्यक्ती काम करताकरताच त्या कामाविषयी विचार करून कशी शिकते, याची मीमांसा केली. चिंतनशील शिक्षक ही कल्पना शिक्षक-शिक्षणात रूढ होण्यास तिचे मोठे साहाय्य झाले.

घडणीचे टप्पे

विद्यार्थिदशेतील संस्कार : छात्राध्यापक प्रशिक्षणास येतो तेव्हा तो कोऱ्या पाटीसारखा नसतो. बालवाडीपासून पदवीपर्यंत त्याने अनेक शिक्षकांना शिकविताना पाहिलेले असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मधील 'स्कूलटीचर' या ग्रंथात याला निरीक्षणातून होणारी उमेदवारी म्हटले आहे. सुतार किंवा गवंडी यांच्या हाताखालील उमेदवाराला कामामागचे कारणही सांगितले जाते. बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकाची केवळ कृती दिसते. तिच्यामागची तयारी, शंका आणि निवड त्याला दिसत नाही. त्यामुळे आवडत्या शिक्षकाचे अनुकरण आणि नावडत्या शिक्षकाचा तिटकारा यांनाच तो शिकविण्याचे ज्ञान समजू लागतो. या संस्कारांची जाणीव करून देण्यासाठी प्रशिक्षणात शैक्षणिक आत्मवृत्त लिहून घेण्याची रीत आहे.

विचारसंप्रदायांचा परिचय : प्लेटो, रूसो, फ्रबेल, मॉन्टेसरी, ड्यूई, टागोर, गांधी इत्यादींचे विचार छात्राध्यापक अभ्यासतो. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेली नई तालीम, तसेच 'राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५' मुळे चर्चेत आलेला ज्ञानरचनावाद हेही त्यात येतात. या टप्प्यावर एखाद्या संप्रदायाचे नाव स्वतःस लावून घेण्याकडे कल असतो. उत्तरपत्रिकेपुरते ते सोयीचे असले, तरी वर्गात उभे राहिल्यावर एकाच संप्रदायाने सर्व प्रश्न सुटत नाहीत, याचा प्रत्यय लवकरच येतो.

सूक्ष्म अध्यापन आणि सराव पाठ : सूक्ष्म अध्यापनात प्रश्न विचारणे, फलकलेखन, स्पष्टीकरण, प्रबलन अशी एकेक कौशल्ये वेगळी काढून त्यांचा सराव केला जातो. भारतात रूढ झालेल्या सूक्ष्म अध्यापनचक्रात ६ मिनिटांचे अध्यापन, ६ मिनिटांचे प्रत्याभरण, १२ मिनिटांचे पुनर्नियोजन, ६ मिनिटांचे पुनरध्यापन आणि ६ मिनिटांचे पुनर्प्रत्याभरण अशी ३६ मिनिटांची विभागणी असते. येथे समोर बसलेले 'विद्यार्थी' बहुधा सहाध्यायीच असतात आणि ते अपेक्षित उत्तर देतात. सराव पाठात प्रथमच खरी मुले समोर येतात आणि अनपेक्षित उत्तरे येऊ लागतात. अनपेक्षित उत्तर बाजूस सारून टाचण पूर्ण करावयाचे की टाचण बाजूस ठेवून त्या उत्तरामागे जावयाचे, हा अनेक छात्राध्यापकांपुढे उभा राहणारा पहिला खरा तात्त्विक प्रश्न असतो.

शालेय आंतरवासिता : पूर्वीच्या अभ्यासक्रमांत छात्रसेवाकाल या नावाने ओळखला जाणारा हा काळ आता दीर्घ झाला आहे. सलग काही आठवडे एकाच शाळेत राहिल्याने मुलांची नावे, घरे, गैरहजेरीची कारणे आणि त्यांच्यातील फरक कळू लागतात. आपल्या लिखित विधानांची परीक्षा येथे होते. 'प्रत्येक मूल शिकू शकते' असे लिहिणारा छात्राध्यापक, सहावीत असूनही जोडाक्षरे वाचता न येणाऱ्या मुलासाठी तासिकेतील किती मिनिटे राखून ठेवतो, यावरून त्या विधानाचा अर्थ ठरतो.

अभ्यासक्रमातील स्थान

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यात व्यावसायिक आणि मानवतावादी शिक्षक घडविण्याचे उद्दिष्ट मांडण्यात आले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ मधील शिफारशींनंतर परिषदेने २०१४ साली नवे नियम केले आणि २०१५–१६ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात शालेय आंतरवासितेसाठी एकूण २० आठवडे ठेवण्यात आले. व्यावसायिक क्षमता वाढविण्याच्या गटात ग्रंथवाचन व त्यावरील चिंतन, शिक्षणातील नाट्य व कला, माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची चिकित्सक समज आणि 'स्वतःचे आकलन' या चार घटकांचा समावेश झाला. यांपैकी शेवटच्या घटकाचा वैयक्तिक शिक्षणतत्त्वज्ञानाच्या शोधाशी थेट संबंध आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे; कलम २८ नुसार शिक्षकास खासगी शिकवणी घेता येत नाही; तर कलम २९ मध्ये मुलाला भय व दडपणापासून मुक्त ठेवणे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविणे अपेक्षिले आहे. म्हणजेच काही प्रश्न आता वैयक्तिक मताचे राहिलेले नाहीत. शिक्षा करावी की नाही, याविषयी शिक्षकाला स्वतःचे मत असू शकते, परंतु त्या मतानुसार वागण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. शिक्षेविना शिस्त कशी निर्माण करावयाची, याचे उत्तर मात्र प्रत्येकाला स्वतःच शोधावे लागते.

मुंबई उपनगरांतील संदर्भ

१९९० साली स्वतंत्र झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे कुर्ला तालुक्यात येतात. विद्याविहार येथील के. जे. सोमय्या सर्वंकष शिक्षणशास्त्र महाविद्यालय, जुहू येथील सूरजबा शिक्षणशास्त्र महाविद्यालय आणि चेंबूर सर्वंकष शिक्षणशास्त्र महाविद्यालय या उपनगरांतील काही शिक्षक-प्रशिक्षण संस्था होत.

या भागातील शाळांमध्ये सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकास भाषा व आर्थिक स्तर यांची मोठी विविधता आढळते. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालविते. घाटकोपर–असल्फा परिसरातील डोंगरउतारावरच्या वस्त्या, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळी, मुलुंडमधील मध्यमवर्गीय गृहसंकुले आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील वारली आदिवासींचे पाडे एकमेकांपासून लोकलच्या अल्प प्रवासाच्या अंतरावर आहेत. त्यामुळे एकाच छात्राध्यापकाला आरंभीचे सराव पाठ एका जगात आणि आंतरवासिता दुसऱ्या जगात करावी लागणे असंभव नाही.

दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, एका खोलीच्या घरात अभ्यासास नसलेली जागा, घरकाम वा लहान भावंडांची जबाबदारी, घरी एक व शाळेत दुसरी भाषा, ही परिस्थिती गृहपाठ, उशिरा येणे, 'लक्ष नसणे' यांसारख्या नेहमीच्या शालेय शब्दांचा अर्थ बदलून टाकते. गृहपाठ न आणणारे मूल आळशी आहे की त्याच्या घरी वही उघडण्याइतकी जागा नाही, हे जाणून घेणे शिक्षक आपले काम मानतो की नाही, हा येथे शिक्षणतत्त्वज्ञानाचाच प्रश्न ठरतो. मराठी माध्यमाच्या शाळांतील घटती पटसंख्या व इंग्रजी माध्यमाकडील पालकांचा ओढा यांमुळे, मराठी माध्यमातून शिकलेल्या छात्राध्यापकापुढे कोणत्या भाषेतून आणि कोणासाठी शिकवावयाचे, हाही प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्रातील काही उदाहरणे

अनुताई वाघ (१९१०–१९९२) : स्वतःची शिक्षणदृष्टी गवसण्याचे एक उल्लेखनीय उदाहरण बोरिवलीशी निगडित आहे. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंना बालविवाहानंतर अल्पावधीतच वैधव्य आले. त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, प्रथम नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत अध्यापन केले. नोकरी करीत असतानाच रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टतर्फे बोरिवली येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्याशी भेट झाली. ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले होते आणि आता त्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू करीत होत्या. अनुताई शहरातील स्थिर नोकरी सोडून त्या प्रयोगात सामील झाल्या.

बोर्डी व पुढे कोसबाड येथील कार्यात ताराबाईंनी स्वीकारलेल्या मॉन्टेसरी विचाराची परीक्षा झाली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे अशी परिसरातील साधने आली. भावंडे सांभाळावी लागत असल्याने वारली मुले बालवाडीत येऊ शकत नव्हती, म्हणून बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. त्यातून अंगणवाडी ही कल्पना साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा सुरू झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी विकासवाडीही याच प्रयोगातून उभी राहिली. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलात न शोधता शाळेच्या रचनेत शोधावयाचा, ही दृष्टी या सर्व उपक्रमांच्या मुळाशी आहे. बोरिवलीच्या शिबिरात आल्या तेव्हा अनुताईंच्या पाठीशी सुमारे दीड दशकाचा अध्यापनाचा अनुभव होता. शिक्षणदृष्टीचा शोध प्रशिक्षणाच्या वर्षांत संपत नाही, याचे हे द्योतक मानता येईल. अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनपर पुस्तकात आपल्या कार्याची हकीकत सांगितली आहे.

साने गुरुजी (१८९९–१९५०) : पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथील शाळेत शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी पाहताना मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे अशी कामे ते स्वतः करीत. शिस्तीचा उपदेश करण्याऐवजी कृतीतून ती दाखवावयाची, हे त्यांच्या शिक्षणविचाराचे प्रत्यक्ष रूप होते. 'विद्यार्थी' हे मासिक चालवून त्यांनी शालेय विषयांपलीकडील वाचनाची दारेही मुलांना उघडून दिली.

लीलाताई पाटील (१९२७–२०२०) : शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून दीर्घकाळ भावी शिक्षकांना शिकविल्यानंतर लीलाताईंनी १९८५ साली कोल्हापूर येथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले. अध्यापक महाविद्यालयात शिकविलेली तत्त्वे प्राथमिक शाळेच्या वर्गात पडताळून पाहण्याचा हा प्रयत्न होता. या प्रयोगाविषयी त्यांनी विपुल लेखनही केले.

तत्त्वज्ञानाचे लेखन

छात्राध्यापकाने आपले शिक्षणतत्त्वज्ञान एक-दोन पानांत लिहावे, अशी पद्धत अनेक देशांत रूढ आहे आणि शिक्षकपदाच्या अर्जासोबतही असे निवेदन मागितले जाते. भारतात ते प्रामुख्याने चिंतनलेखन, आंतरवासितेची दैनंदिनी किंवा मुलाखतीतील उत्तर या रूपांत येते. अशा लेखनात पुढील प्रश्नांचा विचार केला जातो.

• माझ्या विद्यार्थिदशेतील कोणत्या प्रसंगांनी शिक्षकाविषयीची माझी कल्पना घडविली? त्यांपैकी काय पुढे न्यावयाचे आणि काय थांबवावयाचे?
• मूल शिकले, हे मी कशावरून ओळखतो?
• वर्गात मागे पडणाऱ्या मुलाविषयी माझी पहिली प्रतिक्रिया कोणती असते?
• जात, धर्म, लिंग, भाषा यांविषयीचे माझे पूर्वग्रह माझ्या प्रश्न विचारण्यात, नावाने हाक मारण्यात किंवा बसण्याच्या व्यवस्थेत डोकावतात काय?
• पाठ्यक्रम पूर्ण करणे आणि मुलांना समजणे यांत विरोध आला, तर मी काय करतो?

उत्तरासोबत वर्गातील प्रत्यक्ष प्रसंग देणे महत्त्वाचे असते. 'मी बालककेंद्री शिक्षणावर विश्वास ठेवतो' या विधानातून लेखकाविषयी फारसे काही कळत नाही. कवितेच्या तासाला एका मुलाने दिलेला वेगळा अर्थ फळ्यावर लिहून त्यावर वर्गाचे मत घेतले, या नोंदीतून ते कळते. तसेच फसलेल्या पाठाची नोंद यशस्वी पाठाच्या नोंदीपेक्षा अनेकदा अधिक उपयुक्त ठरते, कारण त्यात लेखकाची गृहीतके उघडी पडतात.

टीका आणि मर्यादा

या संकल्पनेवर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप औपचारिकतेचा आहे. चिंतनलेखनास गुण दिले जाऊ लागले की परीक्षकास रुचेल तेच लिहिले जाते आणि मागील वर्षीच्या वह्यांतील वाक्ये पुढील वर्षीच्या वह्यांत उतरतात. दुसरा आक्षेप असा की, अध्यापनाचा अनुभव नसलेल्या व्यक्तीकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा करणे अकाली आहे. या काळात लिहिलेले निवेदन अंतिम न मानता काही वर्षांनी पुन्हा वाचावयाची नोंद मानावे, असे त्यावर उत्तर दिले जाते.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मोठी पटसंख्या, अशैक्षणिक कामे, अपुरे वेतन व नोकरीची अनिश्चितता यांचा भार वाहणाऱ्या शिक्षकाकडून केवळ वैयक्तिक दृष्टीच्या बळावर चांगल्या अध्यापनाची अपेक्षा करणे म्हणजे व्यवस्थेचे दायित्व व्यक्तीवर ढकलणे होय. महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेत नवनियुक्त शिक्षकांना आरंभीची ३ वर्षे नियमित वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करावे लागते. शिक्षकाची धारणा घडण्याचा महत्त्वाचा काळ त्यामुळे आर्थिक विवंचनेत जातो, अशी टीका होते.

या आक्षेपांत तथ्य असले, तरी वर्गाचे दार बंद झाल्यानंतरच्या तासिकेत मुलांशी कसे वागावयाचे, हा निर्णय प्रत्येक व्यवस्थेत अखेर शिक्षकाच्या हाती राहतो. स्वतःच्या समजुती न तपासता वर्गात गेलेला शिक्षक बहुधा आपल्याला जसे शिकविले गेले तसेच शिकवितो. त्याचा परिणाम घरी अभ्यासात मदत करणारे कोणी नसलेल्या मुलांवर सर्वाधिक होतो. कारण त्यांच्यासाठी शाळेतील शिक्षक हाच शिकण्याचा मुख्य आणि पुष्कळदा एकमेव आधार असतो.